वर्गाबाहेरचा वर्ग

दहावीनंतर पुढे काय शिकायचे, याचा विचार तुमच्यापैकी काहींच्या मनात आतापासूनच सुरू झाला असेल. डॉक्टर, इंजिनिअर, वकील, शिक्षक ही नावे घरात नेहमीच ऐकू येतात. पण कॉलेजात असाही एक विषय आहे, की ज्याचे पुस्तक अर्धेच छापलेले असते. उरलेले अर्धे पुस्तक खाडीच्या चिखलात, नदीच्या काठावर, डोंगराच्या उतारावर, तर कधी गावाबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्याजवळ उभे राहून वाचावे लागते. तो विषय म्हणजे पर्यावरणशास्त्र.

उर्दूत तुम्ही त्याला माहौलियात म्हणता. मराठीतला शब्दही सोपा आहे. 'परि' म्हणजे सभोवती आणि 'आवरण' म्हणजे वेढणारी गोष्ट. हवा, पाणी, जमीन, झाडे, पशुपक्षी आणि माणसे अशा ज्या ज्या गोष्टींनी आपल्याला वेढले आहे, ते आपले पर्यावरण.

हा विषय एकट्याने चालत नाही. पाण्यात काय मिसळले आहे हे सांगायला रसायनशास्त्र लागते. त्या पाण्यात कोण जगते हे सांगायला जीवशास्त्र लागते. पाणी कोठून आले हे भूगोल सांगतो आणि ते कोणी घाण करू नये हे कायदा सांगतो. म्हणून काही विद्यार्थी बारावीनंतर थेट पर्यावरणशास्त्राची पदवी घेतात, तर काही जण आधी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र किंवा भूगोल शिकून मग या विषयाकडे वळतात. एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणाचे शिक्षण सर्वांना देण्याचे निर्देश दिले. २००३ मध्ये न्यायालयाने या गोष्टीची पुन्हा आठवण करून दिली. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम तयार केला. त्याचे शेवटचे प्रकरण होते प्रत्यक्ष क्षेत्रकार्याचे. म्हणजे इतिहास किंवा उर्दू साहित्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यानेही एकदा तरी नदी, टेकडी किंवा तळे जवळून पाहून त्याबद्दल लिहावे, अशी ती योजना होती.

आता हे क्षेत्रकार्य कसे चालते ते पाहू. त्यासाठी आपण ठाण्याच्या खाडीवर जाऊ.

मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई यांच्यामध्ये ही खाडी पसरली आहे. तिचा एक भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजेच रामसर स्थळांच्या, यादीत स्थान मिळाले. खाडी म्हणजे काय, हे समजून घ्यायला तुमच्याजवळ एक गमतीचा शब्द आहे. 'दर्या' म्हटले की उर्दूत नदी आणि मराठीत समुद्र! एकच फारसी शब्द, पण दोन भाषांत दोन अर्थ. खाडीत मात्र दोन्ही अर्थ खरे ठरतात. भरतीच्या वेळी समुद्राचे खारे पाणी आत येते, ओहोटीला ते परत जाते आणि वरून नाल्यांचे व ओढ्यांचे गोडे पाणी त्यात मिसळत राहते.

कॉलेजचे विद्यार्थी येथे येतात तेव्हा त्यांच्या पिशवीत काय असते? एक लांब सुतळी, बांबूच्या किंवा पाइपच्या तुकड्यांची एक मीटर लांब व एक मीटर रुंद चौकट, तापमापी, काही काचेच्या बाटल्या, दोन-तीन रसायने, वही आणि पेन्सिल. पेन नको, पेन्सिलच हवी. पाणी उडाले की शाईची अक्षरे पसरतात, पेन्सिलची तशीच राहतात. अभयारण्यात जायचे असेल, तर वनविभागाची परवानगी आधी घ्यावी लागते. भरती-ओहोटीचे वेळापत्रकही पाहून घ्यावे लागते. ते न पाहता चिखलात उतरणे धोक्याचे असते.

काठावर खारफुटीची झाडे दिसतात. त्यांत तिवराची झाडे पुष्कळ असतात. तिवराच्या भोवती चिखलातून पेन्सिलीसारखी शेकडो टोके वर आलेली असतात. ती त्या झाडाची श्वसनमुळे होत. चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून हे झाड आपली मुळे वर काढून श्वास घेते. तिवराच्या पानावर कधी कधी मिठाचे बारीक कणही दिसतात. नको असलेले मीठ पानावाटे बाहेर टाकण्याची ही त्याची रीत आहे. पुस्तकात हे वाचले की आपण विसरून जातो. पण बोटाने ते मीठ चाखून पाहणारा विद्यार्थी ते जन्मभर विसरत नाही.

पण केवळ पाहणे म्हणजे अभ्यास नव्हे. मोजावे लागते. समजा, या काठावर तिवराची किती रोपे उगवली आहेत, हे जाणून घ्यायचे आहे. सगळा काठ मोजणे शक्य नाही. मग पाण्यापासून जमिनीकडे सुतळी ताणतात आणि तिच्यावर दर दहा मीटरवर ती चौकट ठेवतात. चौकटीच्या आत जेवढी रोपे असतील तेवढीच मोजतात. येथे मोह होतो. पलीकडे रोपे दाट दिसतात, म्हणून चौकट थोडी तिकडे सरकवावी असे वाटते. किंवा सुतळीखाली नेमका घाण चिखल येतो, म्हणून ती बाजूला न्यावीशी वाटते. तसे करायचे नसते. चौकट जेथे पडेल तेथे पडेल. त्यात एकही रोप नसेल, तर वहीत शून्य लिहायचे. शून्य हीसुद्धा माहिती आहे, आणि नवीन विद्यार्थ्यांना पटायला सर्वांत अवघड गोष्ट हीच असते.

त्यानंतर पाण्याचा नमुना घेतात. 'नमुना' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहेच. मासे पाण्यातच श्वास घेतात, म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतात. तो पाण्यात किती आहे, हे शोधण्याची एक रीत लायोस विंक्लर या हंगेरीच्या रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये प्रसिद्ध केली. आजही विद्यार्थी ती शिकतात. बाटली पाण्याखाली बुडवून अशी भरायची, की आत एकही बुडबुडा राहू नये. मग काठावरच तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड ही दोन द्रावणे घालायची. पाण्यात प्राणवायू असेल, तर तपकिरी साका तयार होतो. प्राणवायू नसेल, तर साका पांढराच राहतो. पुढचे काम प्रयोगशाळेत होते. तेथे आम्ल घातले, की साका विरघळून पाणी पिवळसर होते. त्यात स्टार्च घातले, की ते निळे होते. मग थायोसल्फेटचे द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे. ज्या थेंबाला निळा रंग नाहीसा होईल, तेथे थांबायचे. किती द्रावण लागले, यावरून प्राणवायूचे प्रमाण काढता येते.

हवेच्या संपर्कातल्या स्वच्छ गोड्या पाण्यात, तापमान ३० अंश सेल्सिअस असेल, तर एका लिटरमध्ये सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. सांडपाणी मिसळले, की त्यातील घाण कुजवणारे जिवाणू हा प्राणवायू वापरून टाकतात. तो चार मिलिग्रॅमच्या खाली गेला, की पुष्कळ जातींच्या माशांना जगणे कठीण होऊ लागते. तेव्हा बाटलीतल्या साक्याचा रंग तपकिरी की पांढरा, हा काठावर बसलेल्या त्या मुलामुलींना केवळ परीक्षेच्या गुणांचा प्रश्न वाटत नाही. समोर होडी ओढणाऱ्या कोळी बांधवाच्या जाळ्यात आज काय येणार, हे त्या रंगावर अवलंबून असते.

त्या कोळी बांधवाशी बोलणे हासुद्धा अभ्यासाचाच भाग आहे. मात्र प्रश्न कसा विचारावा, हे शिकावे लागते. "काका, खाडीतले मासे कमी झाले ना?" असे विचारले, की समोरचा माणूस भिडेखातर "हो, झाले" म्हणतो. आपण त्याच्या तोंडात उत्तर घातलेले असते. त्याऐवजी "काका, तुम्ही लहान होता तेव्हा जाळ्यात काय काय मिळायचे? आता काय मिळते?" असे विचारावे. मग बोय, निवटी, कोळंबी, चिंबोरी अशी नावे एकेक करून निघू लागतात. कोणते कोठे मिळायचे, कोणत्या महिन्यात मिळायचे, हेही कळते. अशी माहिती अनेकदा कोणत्याच पुस्तकात नसते.

पाहणे, मोजणे आणि लिहून ठेवणे या सवयीने काय साधते, हे सांगताना डॉ. सालिम अली यांचे नाव आपोआप ओठांवर येते. मुंबईत १८९६ मध्ये जन्मलेल्या या मुलाने लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही चिमणी वेगळी का, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तेथे त्याला पक्ष्यांच्या अभ्यासाची वाट सापडली. पुढे १९३० च्या सुमारास, हातात नोकरी नसताना, ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याकडे महिनोन्महिने पाहिले. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच तेथे राहते आणि मग नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी नोंदींच्या आधारे दाखवून दिले. या कामात महागडे यंत्र कोणतेच नव्हते.

आता एक अशी हकिगत सांगतो, की जिच्यात जुन्या वह्यांनी फार मोठे काम केले. ही हकिगत गिधाडांची आहे. उर्दूत तुम्ही गिधाडाला गिद्ध किंवा करगस म्हणता. दिसायला कुरूप, म्हणून कोणाला फारसे न आवडणारा हा पक्षी. पण गावाबाहेर टाकलेले मेलेले जनावर गिधाडांचा थवा थोड्याच वेळात साफ करून टाकत असे. त्यामुळे रोगराईला आळा बसे.

राजस्थानात भरतपूरजवळ केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे डॉ. विभू प्रकाश या शास्त्रज्ञांनी १९८० नंतरच्या दशकात गिधाडांची घरटी मोजली होती. तेव्हा गिधाडे इतकी होती, की ती कशाला मोजायची, असे कोणालाही वाटले असते. १९९० नंतरच्या दशकात त्यांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी निम्म्याहूनही कमी झालेली आढळली. झाडांवर गिधाडे माना खाली टाकून बसलेली दिसत आणि काही दिवसांत मरून पडत. त्यानंतर थोड्याच वर्षांत तेथे या जातीचे एकही घरटे उरले नाही. जुनी वही नसती, तर 'पूर्वी गिधाडे जास्त होती बहुतेक' एवढेच कोणी म्हणू शकले असते. असल्या वाक्यावर कोणतेही सरकार काही करत नाही.

पण गिधाडे मरत का होती? कोणी म्हणे, शेतातली कीटकनाशके. कोणी म्हणे, एखादा विषाणू. कोणाला वाटे, त्यांना अन्नच मिळत नसावे. हे सगळे तर्क होते, आणि तर्क म्हणजे तहकीक नव्हे. एकेक तर्क तपासून बाजूला ठेवावा लागला. शेवटी उत्तर मिळाले ते पाकिस्तानातील पंजाब प्रांतात. तेथे लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी मेलेली गिधाडे तपासत होते. अनेक पक्ष्यांच्या पोटातील अवयवांवर पांढरा थर जमलेला होता. त्यांचे मूत्रपिंड निकामी होऊन युरिक आम्ल शरीरातच साठले होते. ज्या ज्या पक्ष्याचा मृत्यू अशा रीतीने झाला होता, त्यांच्या शरीरात डायक्लोफिनॅक हे औषध सापडले. जे दुसऱ्या कारणाने मेले होते, त्यांच्यात ते सापडले नाही.

डायक्लोफिनॅक हे वेदना कमी करणारे औषध आहे. माणसे ते घेतात. गाईम्हशींनाही ते स्वस्तात मिळू लागले होते. औषध दिलेले जनावर लवकरच मेले, तर ते औषध त्याच्या मांसात राहते आणि गिधाडाच्या पोटात जाते. एवढ्यावरही शास्त्रज्ञांनी समाधान मानले नाही. पाळलेल्या गिधाडांना हे औषध असलेले मांस देऊन पाहिले, तेव्हा तीही त्याच लक्षणांनी मेली. मग २००४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. पुढे हिशोबाने असे दिसून आले, की शंभर मेलेल्या जनावरांपैकी एकापेक्षाही कमी जनावरात हे विष असले, तरी गिधाडे इतक्या वेगाने नाहीशी होऊ शकतात. कारण एकाच जनावरावर शेकडो गिधाडे उतरतात.

भारत, पाकिस्तान आणि नेपाळ या तिन्ही देशांनी २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे दुसरे औषध गिधाडांना अपाय करत नाही, हेही तपासून झाले होते. तोपर्यंत नुकसान मात्र फार झाले होते. १९९२ ते २००७ या काळात भारतात पांढऱ्या पाठीच्या हजार गिधाडांमागे जेमतेम एक उरले. गिधाडे गेली, तसे मेलेल्या जनावरांवर भटके कुत्रे जमू लागले. मुंबईत मलबार हिलवरील पारशी समाजाच्या दख्म्यांवर मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याची शतकांची रीत अडचणीत आली आणि तेथे सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले. हरियाणात पिंजोर येथे गिधाडे वाढवण्याचे केंद्र सुरू झाले. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, म्हणून हे काम फार सावकाश चालते. २०२३ मध्ये भारताने किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या आणखी दोन औषधांवर जनावरांसाठी बंदी घातली. पंधरा वर्षांत गेलेले परत यायला किती वर्षे लागतील, याचे उत्तर पुढच्या वह्याच देतील. कदाचित त्यांतली एखादी तुमची असेल.

कॉलेजात पर्यावरणाच्या विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी एक प्रकल्प करावा लागतो. येथे एक वाईट चाल अनेक ठिकाणी दिसते. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याची वही आणायची, तारखा बदलायच्या आणि आकडे थोडे इकडेतिकडे करून उतरवायचे. गुण मिळतात, यात शंका नाही. पण अशी वही कोऱ्या वहीपेक्षा वाईट असते. कोऱ्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही, उतरवलेल्या वहीवर ठेवतात. केवलादेवची पहिली मोजणी अशी घरी बसून लिहिलेली असती, तर पुढचे सगळे संशोधन कोठे गेले असते, याचा विचार करा.

तुम्ही हा विषय घ्यायचे ठरवलेत, तर घरी प्रश्न विचारले जातील. "चिखलात फिरून कोणती नोकरी मिळणार?" असे अब्बा विचारतील. मुलगी असेल, तर "एवढ्या लांब खाडीवर कोणाबरोबर जाणार?" असे अम्मी विचारील. हे प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे द्यायला हवीत. पाण्याची व हवेची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा, प्रदूषण नियंत्रण मंडळे, नगरपालिका, कारखाने, वनविभाग, शिक्षणसंस्था अशा ठिकाणी हा विषय शिकलेल्यांना कामे असतात. ती सर्वांना सहज मिळतात असे मात्र नाही. क्षेत्रभेटीला एकट्याने कोणी जात नाही. गट असतो, बरोबर शिक्षक असतात, परतण्याची वेळ आधी घरी कळवलेली असते. पायांत घट्ट बूट, डोक्यावर टोपी किंवा ओढणी, पिण्याचे पाणी आणि बदलायचे कपडे एवढी तयारी पुरते.

त्या आधी काही शिकून ठेवायचे असेल, तर पक्षी मोजायला शिका. आशियातील पाणपक्ष्यांची मोजणी १९८७ पासून दर जानेवारीत केली जाते. तीत कॉलेजचे विद्यार्थी आणि हौशी निरीक्षक भाग घेतात. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी एकत्र उभे असतात. एवढे पक्षी एकेक करून मोजणार कसे? आधी थव्याच्या एका टोकाचे दहा पक्षी नीट मोजतात. दहा पक्ष्यांनी किती जागा व्यापली, ते डोळ्यांत धरतात. मग तेवढ्याच मापाने शंभरचा अंदाज घेतात आणि शंभर, दोनशे, तीनशे असे करत थव्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातात. घराजवळच्या विजेच्या तारेवर बसलेल्या कबुतरांवर किंवा साळुंक्यांवरही याचा सराव करता येतो. मोजायला नेहमी दोघे जण असावेत. दोघांनी एकमेकांना न सांगता आपापल्या वहीत आकडा लिहायचा आणि नंतर दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या. आकड्यांत फार फरक पडला आणि पक्षी अजून तेथेच असले, तर पहिल्या टोकापासून पुन्हा मोजायचे.